करोडगिरी

आमच्या आष्टीत बाहेरगावाहून आलेली वस्तू तपासल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ही पद्धत सरकारनं घालून दिलेली नाही. ती गावाची आहे आणि सरकारपेक्षा जुनी आहे. स्टँडवर पुण्याची एसटी लागली की उतरणाऱ्याच्या पिशवीवर आधी चार जोड डोळे बसतात. पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं असलं तर निम्मी तपासणी तिथंच उरकते. मग स्टँडपासून घरापर्यंत तीन गोष्टी होतात. काय आणलं? केवढ्याला पडलं? आणि तिसरी, जो प्रश्न नसतोच : "नगरला हेच निम्म्यात मिळालं असतं." ही तिसरी म्हणजे दंड. तो भरल्याशिवाय सुटका नाही.

या प्रश्नांची खरी उत्तरं देणारा माणूस मी अजून गावात पाहिलेला नाही. मेहुण्यासमोर किंमत वाढवायची, बायकोसमोर उतरवायची आणि उसने मागायला येईल अशा माणसासमोर "कुणीतरी दिलं" म्हणायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. पक्की पावती, कच्ची पावती, जीएसटी, सगळं हातातून गेलेलं. त्यामुळे भाच्यानं न्यू जर्सीहून फोन करून, "मामा, आजीला कुरिअर पाठवलंय, फक्त मुंबईत कस्टममधून सुटलं पाहिजे," असं सांगितलं तेव्हा मी हसलो. शेजारच्या काकूंच्या नजरेखालून ज्यानं नवा मिक्सर घरात नेलाय, त्याला मुंबईची काय भीती?

पेटीत फार काही नव्हतं. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गुडघ्यांना बांधायचे दोन पट्टे, बदामाची दोन पाकिटं, एक शाल, चॉकलेटं आणि माझ्यासाठी दाढी करायचं यंत्र. भाचा मोठा इंजिनिअर आहे, पण फॉर्म भरताना त्यानं आपल्या बुद्धीला सुट्टी दिली होती. पाठवण्याचं कारण या रकान्यात त्यानं 'गिफ्ट' लिहिलं. मालाचं वर्णन : आजीचं सामान. घेणाऱ्याचं नाव : आजी. आणि पुढं आमचं आडनाव.

आठव्या दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. तुमचं पार्सल क्लिअरन्ससाठी थांबलं आहे, केवायसीची कागदपत्रं द्या, आणि खाली निळी लिंक. इंग्रजी असं, की आमच्या दुकानातल्या पोऱ्यानंही शब्द जास्त जपून वापरले असते. आता 'पार्सल कस्टममध्ये अडकलंय' असा मेसेज आला की तो भामट्याचा, हे आष्टीत शाळेतलं पोरही सांगेल. परदेशातली मैत्रीण महागडी भेट पाठवते, मग कस्टम अधिकारी म्हणवणारा कुणी फोन करतो, अमुक खात्यात पैसे भरा म्हणतो आणि माणूस भरतोही. हा खेळ इतका चालला, की सीमाशुल्क खात्यालाच वेळोवेळी लोकांना सांगावं लागतं, की बाबांनो, आम्ही कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून तर खात्यानं आपल्या पत्रांवर एक ओळख क्रमांक टाकायची पद्धत सुरू केली. तो संकेतस्थळावर घालून पत्र अस्सल आहे का ते पाहता येतं. हे सगळं मला पाठ होतं. मी मेसेज पुसून टाकला आणि दुकानात बसलेल्या चार जणांना, आपण कसे फसलो नाही, ते चहा पाजून सांगितलं.

दोन दिवसांनी दुसरा मेसेज आला. तोही पुसला. मग एका मुलीचा फोन आला. "सर, आपका शिपमेंट..." एवढंच ती बोलली असेल, मी तिला म्हणालो, "बाई, १९३० नंबर माहीत आहे ना? सायबरवाल्यांचा? लावू का?" तिनं फोन ठेवला. चोर पळाला म्हणून मी आणखी चार चहा सांगितले.

त्याच आठवड्यात आणखी एक फोन आला. हा माणूस मराठी बोलत होता, तेही इतक्या अदबीनं की ऐकत राहावं. नमस्कार काका, तब्येत कशी आहे, तुमचं मौल्यवान पार्सल आमच्याकडे सुखरूप आहे, थोडी रक्कम भरली की उद्या घरपोच. मला वाटलं, हा खरा! सरकारी माणूस शेवटी सुधारला. मी पेन शोधायला लागलो. तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाली, "त्याला इचार, पेटीत काय हाय."

विचारलं. तो म्हणाला, "लॅपटॉप आणि सोन्याचं घड्याळ, काका."

"ठिव फोन," आई म्हणाली. "माझा नातू आन् सोनं धाडतोय! लग्नात मामाच्या टोपीचा आहेर विसरलेला माणूस त्यो."

मालाचं वर्णन जुळलं नाही की माल अडवायचा, हे कस्टमचं मूळ तत्त्व. ते आमच्या घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला मुखोद्गत होतं. का, ते पुढं सांगतो.

शेवटी भाच्याचाच फोन आला. तो वैतागला होता. "मामा, तुम्ही केवायसी का देत नाही? कुरिअरवाल्यांच्या बाईंना पोलिसांत देतो म्हणालात म्हणे." म्हणजे मोडक्या इंग्रजीतला मेसेज खरा होता, गडबडलेली मुलगी खरी होती, आणि अदबीनं बोलणारा तेवढा चोर होता. यावर विचार करत बसलं तर माणूस कुणाशीही गोड बोलायचं सोडून देईल.

बरं, केवायसी द्यायची तर कुणाची? कुरिअरनं येणारा माल सोडवताना घेणाऱ्याची ओळख कंपनीनं पटवून घ्यायची असते. हा नियम रास्तच आहे. नाहीतर कुणाच्याही नावावर काहीही येईल. पण इथं घेणारी होती 'आजी'. आधार कार्डावर आजी नावाची बाई नाही. मी फोनवरच्या मुलीला (तीच होती, आवाज ओळखला, तिनंही माझा ओळखला) समजावलं की आजी हे नाव नाही, नातं आहे. ती म्हणाली, "सर, नातं चालत नाही. नाव पाहिजे." मग भाच्याकडून दुरुस्तीचं पत्र, आईचं आधार, माझं आधार, घरपट्टीची पावती. आईच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या १ जानेवारीला जन्मल्या आहेत. त्या दिवशी गल्लीत केवढा गोंधळ उडाला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. बँकेच्या भिंतीवर 'आधार क्रमांक कुणालाही देऊ नका' अशी पाटी आहे. त्या पाटीखालीच उभं राहून, तिथं रेंज चांगली येते म्हणून, मी सगळं लिंकवर चढवलं.

ओळख पटली. मग प्रश्न आला 'गिफ्ट'चा.

आपल्याला वाटतं, भेट म्हटलं की सगळं माफ. एके काळी खरंच तसं होतं. पाच हजारांपर्यंतची भेट परदेशातून बिनशुल्क येत होती. पण मग परदेशी दुकानंच भारतातल्या गिऱ्हाइकांना 'भेटी' पाठवू लागली. ओळख ना पाळख, चीनमधला कुणी माणूस चिंचवडच्या मुलीला दर आठवड्याला ड्रेस भेट देतोय! तेव्हा १२ डिसेंबर २०१९ला सरकारनं हे दार लावलं. आता टपालानं किंवा कुरिअरनं भेट येऊ शकते, पण शुल्क भरून. सवलत उरली दोनच गोष्टींना : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीतही मेख आहे. राखी चालेल, राखीबरोबर पाठवलेली भेट नाही. आणि राखीही सुटते ती बहिणीच्या मायेमुळे नव्हे. सीमाशुल्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमात एक बारीक पोटकलम आहे, की शुल्क शंभर रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ते वसूलच करू नये. राखी त्यात बसते. मला हे पोटकलम फार आवडलं. वसुलीच्या कायद्यात 'जाऊ दे रे' म्हणणारं एक तरी कलम असावं.

मग आकारणी. कुरिअरच्या मालासाठी बिल ऑफ एंट्रीचे वेगवेगळे नमुने आहेत. कागदपत्रांना अकरा नंबरचा, भेटी आणि फुकट नमुन्यांना बारा, थोड्या किमतीच्या मालाला तेरा आणि उरलेल्यांना चौदा. पहिले दहा कुठं गेले, असं मी विचारलं तेव्हा ती मुलगी पहिल्यांदाच हसली. शुल्क मालाच्या किमतीवर लागतं, हे आपल्याला कळतं. पण ती किंमत म्हणजे नुसती किंमत नव्हे. तिच्यात विमानाचं भाडं मिळवतात, विम्याचा खर्च मिळवतात. म्हणजे बदाम ज्या विमानात बसून आले, त्या विमानाच्या तिकिटावरही आपण शुल्क भरायचं. त्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, हा २०१८ पासून. मग किंमत, शुल्क आणि अधिभार यांची बेरीज करून तिच्यावर जीएसटी. हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या, तांब्यावर फुलपात्र. शेवटी कुरिअर कंपनीनं आपल्या वतीनं पैसे आधी भरले म्हणून तिचा स्वतःचा आकार, म्हणजे फुलपात्रावर चमचा. एकूण किती झाले, ते इथं सांगत नाही. आईला मी त्याच्या निम्मे सांगितलेत आणि हा अंक आमच्या घरी येतो.

निम्मे ऐकूनही आई उठून बसली. "शेकड्याला किती पडलं?"

मी अंदाजानं एक आकडा सांगितला.

"आमच्या वेळंला शेकड्याला पाच हुतं," ती म्हणाली. "आन् तेबी आम्ही देत नव्हतो."

इथं वाचकांना सांगायला हवं, की कस्टम ही आष्टीला नवी गोष्ट नाही. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि पलीकडं नगर जिल्हा इंग्रजांचा. मधे सरहद्द. ती समुद्रानं आखलेली नव्हती, डोंगरानंही नव्हती. ओढा, बांध, बाभळीचं झाड, एवढ्यावर दोन राज्यं वेगळी व्हायची. आणि रस्त्यावर नाका. निजामाच्या जकातखात्याचं नाव होतं करोडगिरी. अकबराच्या काळात एक कोट दामांच्या वसुलीवर जो अंमलदार नेमत, त्याला करोडी म्हणत. त्या घराण्यातला हा शब्द. नाक्यावरच्या शिपायाच्या अंगावर एक कोट तरी धड असे का, हा प्रश्न वेगळा. १८०२ साली इंग्रजांनी निजामाशी व्यापाराचा करार केला, त्यात दोन्हीकडच्या मालावर शेकडा पाच जकात ठरली. तेव्हापासून 'शेकड्याला पाच' हे शब्द या पट्ट्यात घरोघर पोचले.

नाणंही वेगळं. इकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं इंग्रजांचा कलदार. सात हाली दिले की सहा कलदार. आमच्या तालुक्यातला माणूस नगरच्या बाजारात जाताना तोंडानं पाढे म्हणत जायचा तो देवाचं नाव घ्यायला सवड मिळू नये म्हणून नव्हे. डॉलरचा भाव विचारून पोट धरणारी आमची आजची पिढी या बाबतीत अगदीच कच्ची आहे.

आईचं माहेर सरहद्दीला लागून. तिचे वडील महिन्यातून एकदा बैलगाडीनं नगरला जात. घरात लग्न निघालं की तिची आई, म्हणजे माझी आजी, तीही बरोबर जाई. येताना कापड. कापडावर जकात. आणि जकात नव्या मालाला. अंगावरच्या, वापरातल्या वस्तूला कोण विचारतो? या एका वाक्यावर त्या पिढीनं सगळी अर्थव्यवस्था उभी केली होती. आजोबा जाताना काडीसारखे जात आणि येताना गोणीसारखे येत, कारण अंगावर तीन धोतरं, दोन बंड्या आणि कमरेला गुंडाळलेलं खणाचं कापड. आजीची रीत जास्त देखणी होती. नाक्याच्या अलीकडं ओढा लागायचा. तिथं गाडी थांबवायची, नवं लुगडं पाण्यात बुचकळायचं, दगडावर दोनदा आपटायचं आणि ओलंच नेसायचं.

"नाकेदार म्हनायचा, म्हातारे, लुगडं नवं दिसतंय. आई म्हनायची, नवं आसतं तर धुतलं आसतं का रं?"

या युक्तिवादाला आजही उत्तर नाही. मुंबईच्या विमानतळावर नव्या फोनचं खोकं फेकून फोन खिशात घालून उतरणाऱ्यांना वाटतं, ही आपली शोधबुद्धी. आमच्या आजीनं ती ओढ्यावर, पाठीला ऊन लागत असताना, दगडाच्या साक्षीनं शोधून काढली होती.

मग १९४७-४८ साल उजाडलं. सरहद्दीच्या पलीकडच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक येत आणि करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करत, नाके जाळत. निजामाच्या तिजोरीवरच तो घाव होता. आई सांगते, त्यांच्या रस्त्यावरचा नाका जळाल्यावर तिचे वडील गाडी घेऊन निघाले. नुसता काळा चौथरा उरलेला, शिपाई नाही, दांडा नाही. तरी तिथं येताच बैल थांबले. हाकलले तरी हलेनात. रोजची सवय. शेवटी आजोबांनी खाली उतरून, कुणीच नसताना, गाडीभोवती एक चक्कर मारली, पेंढा उचलून पाहिल्यासारखं केलं आणि मग बैल चालायला लागले. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं. बैलांना मुक्त व्हायला आणखी दोन महिने लागले म्हणे.

ही गोष्ट ऐकल्यावर माझा मुंबईवरचा राग जरा उतरला. तिथं सहारच्या विमानतळावर बसलेल्या माणसापुढं रोज हजारो पेट्या येत असतील. प्रत्येकीवर कुणीतरी 'घरगुती सामान' लिहिलेलं. आणि त्या प्रत्येकीमागं एकेक ओलं लुगडं नेसलेली म्हातारी उभी. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

पैसे भरले, पार्सल सुटलं. मोबाईलवर त्याचा प्रवास दिसायला लागला. मुंबई, पुणे, आणि तिथून पार्सलनं नगरकडं वळायचं सोडून नागपूर गाठलं. मला वाटलं, मार्ग चुकला असेल, येईल. दोन दिवसांनी वर्धा. तिसऱ्या दिवशी लिहून आलं : 'आष्टी येथे पोचले.' मी दाराशी जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर एक गाय होती.

महाराष्ट्रात आष्ट्या फार. एक वर्धा जिल्ह्यात, १९४२च्या हुतात्म्यांची. एक सोलापूर जिल्ह्यात, मोहोळकडं; तिथं १८१८ साली इंग्रजांशी लढताना बापू गोखले पडले. एक जालन्यात परतूरजवळ, एक गडचिरोलीत वैनगंगेच्या काठी. इतिहासानं सगळ्यांना काही ना काही दिलं, आमच्या वाट्याला करोडगिरीचा नाका आला. आमच्या आष्टीची आणखी एक अडचण अशी, की जिल्हा बीडचा आणि पिनकोड ४१४२०३, म्हणजे नगरच्या घराण्यातला. जन्म एका घरात, दत्तक दुसऱ्या घरात. मुंबई-पुण्याच्या संगणकाला ते पटत नाही. त्याला वाटतं, पत्ता लिहिणाऱ्यानं गडबड केलीय, आणि मग तो आपल्या बुद्धीनं आष्टी निवडतो. रेल्वेनंही आमच्याशी हेच केलं. २३ सप्टेंबर २०२२ला आष्टीला गाडी आली ती नगरहून, ६६ किलोमीटर. आपल्याच जिल्ह्याच्या गावाला, बीडला, तिला पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. तीन वर्षं आम्ही नगरला आगगाडीनं आणि बीडला एसटीनं जात होतो. पुन्हा तारीख पाहा, १७ सप्टेंबर. बैल हलले एकदाचे.

वर्ध्याच्या आष्टीहून पार्सल परत निघालं आणि नगरहून टेम्पोनं, वाटेतल्या कडा गावच्या कांद्याच्या गाड्यांमधून वाट काढत आमच्याकडं आलं. "काका, आष्टीत कुठं?" असं पोऱ्यानं फोनवर विचारलं, तेव्हा मी त्याला पाच मिनिटं बोलू दिलं, इतका बरं वाटणारा तो प्रश्न होता.

पेटी तपासणीसाठी उघडून पुन्हा चिकटवलेली होती. खरी तपासणी पुढं होती. आईच्या पलंगाभोवती शेजारच्या काकू, समोरच्या काकू आणि ज्यांचा या घराशी काही संबंध नाही अशा आणखी तिघी बसल्या. गुडघ्याचा पट्टा हातोहात फिरला. शालीचं सूत ओढून पाहिलं गेलं. बदाम फोडून चाखले गेले. नमुना घेणं हा तपासणीचा भागच आहे. चॉकलेटांचा वर्ग ठरेपर्यंत ती संपली.

"केवढ्याला पडलं असंल वो हे समदं?" समोरच्या काकूंनी विचारलं.

आईनं शाल पायावर ओढून घेतली. "काय माहीत बाई. त्याला काय, तिकडं रस्त्यावर मिळतंय." मग काकू निघताना दारात त्यांना ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात मला म्हणाली, "जपून ठिव रं, महागाचं हाय."

माझं दाढीचं यंत्र सुखरूप होतं. त्याला चपटे दोन पाय आहेत आणि ते अमेरिकेच्या १२० व्होल्टांवर चालतं. आमच्याकडं २३० व्होल्ट आहेत, म्हणजे वीज असते तेव्हा. तेव्हा ते कपाटात आहे. भाडं, विमा, शुल्क, अधिभार आणि जीएसटी भरलेलं, कायद्यानं अगदी निर्मळ असं यंत्र तालुक्यात दुसरं नसेल.

आता आईनं घोर लावला, की नातवाला परत काहीतरी पाठवायचं. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे खरं. पण दिवाळीचा अनुभव ताजा होता. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५च्या अखेरीस बारीकसारीक पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली. कोणी, कसं वसूल करायचं याचा पत्ता लागेना म्हणून आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं बंद केली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. लक्ष्मीपूजन २१ला. सहा दिवसांत आष्टीचा लाडू न्यू जर्सीला पोचायचा तर त्यानं स्वतः व्हिसा काढला असता. आम्ही फराळ घरीच खाल्ला आणि तो खातानाचा फोटो भाच्याला पाठवला.

फराळाला आणखीही काटे आहेत. जकातीच्या भाषेत प्रत्येक पदार्थाला आकडा लागतो. आपल्या सरकारच्या यादीत मिठाया, नमकीन, भुजिया, मिक्श्चर सगळं २१०६ ९० ९९ या एकाच आकड्याखाली आहे. म्हणजे बेसनाचा लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा एकच. ज्या बाईनं आयुष्यभर दोन्हींचे डबे वेगळे ठेवले, तिला हे मी अजून सांगितलेलं नाही. येसर पाठवायची तर वर्णन काय लिहायचं? 'तपकिरी पूड, तिखट वासाची.' एवढं लिहिलं तर पेटीआधी कुत्रं येईल वास घ्यायला. आणि अनारसे! बहिणीची नणंद दुबईला असते. तिला अनारसे पाठवायचं ठरत होतं, तेव्हा कळलं की खसखस तिकडं बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. सिंगापुरातही तेच. अफूचं बी ना ते. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. साठ वर्षं आपण दिवाळीत काय तळत होतो, हा विचार ती करत असावी.

शेवटी गोधडी ठरली. नासत नाही, सांडत नाही, वास मारत नाही. आईनं हिवाळ्यात उन्हात बसून नवी शिवली होती, उभे टाके, कडेला हिरवी पट्टी. आम्ही दोघं पोस्टात गेलो. परदेशी पार्सलाला सीएन तेवीस म्हणून फॉर्म असतो. काय आहे, किती आहे, वजन काय, किंमत काय. तिकडं शंभर डॉलरपर्यंतची भेट शुल्काशिवाय सोडतात, हे मी वाचून आलो होतो.

"वर्णन?" खिडकीतल्या पोरानं विचारलं.

"गोधडी," मी म्हणालो. "इंग्रजीत काहीतरी लिहा, हातानं शिवलेली."

"नवी का जुनी?"

"नवी," मी म्हणालो आणि त्याच वेळी आई म्हणाली, "जुनी."

"आई, आत्ता महिन्याखाली शिवलीस."

"शिवली आत्ता. लुगडी जुनी हायती. ही हिरवी पट्टी बग, ती माझ्या आईच्या लुगड्याची. ओढ्यात धुतलेल्या. खोटं कुठंय?"

पोरगं लिहायचं थांबलं होतं. मागं रांग वाढत होती. मी म्हणालो, "लिहा, जुनी."

"आणि किंमत? रकाना रिकामा चालत नाही, आजी."

आईनं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले. "शंभरच्या आत बसव," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "आन् तू त्याला फोनवर सांगताना हजाराची सांग."